महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी : सूक्ष्म समुद्रजीवांच्या वर्णनाची परंपरा

पुण्यात १९४६ साली स्थापन झालेली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, म्हणजेच आजची आघारकर संशोधन संस्था, शेतकऱ्यांना प्रामुख्याने सोयाबीन आणि गव्हाच्या वाणांमुळे माहीत आहे, आणि ‘एमएसीएस’ ही तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे बियाण्यांच्या पिशव्यांवरून गावोगाव पोहोचली आहेत. याच संस्थेत पिकांशी काहीही संबंध नसलेले एक काम अनेक दशके निष्ठेने चालत आले आणि त्याची दखल तिच्या इतिहासात ठळकपणे घेतली गेली पाहिजे. नर्मदेच्या खोऱ्यातील चुनखडकात अडकून राहिलेले, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढे दिसणारे समुद्रजीव शोधणे, त्यांचे वर्णन करणे, त्यांना शास्त्रीय नावे देणे आणि पूर्वी दिलेली नावे पुन्हा तपासणे असे त्या कामाचे स्वरूप होते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील वाचकांना या कामाचे क्षेत्र परके वाटू नये, कारण आग्रा रस्त्याने शिरपूर ओलांडून बिजासनी घाट चढला आणि सेंधव्याहून बडवानी-कुक्षीच्या दिशेने गेले, की एका दिवसाच्या प्रवासात ज्या बाग नावाच्या गावी पोहोचता येते, त्याच गावावरून या खडकांना ‘बाग स्तर’ हे नाव मिळाले आहे.

खानदेशाचे मैदान काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसॉल्टचे आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहत राहिला, थरांवर थर साचून दख्खनचा पाषाण घडला, आणि धुळे-नंदुरबार भागात लांबच लांब, भिंतीसारख्या उभ्या दिसणाऱ्या ज्या पाषाणरांगा आहेत त्या याच घडामोडीच्या खुणा आहेत. तापीने या पाषाणावर गाळाचे जाड थर पसरले असले, तरी पाषाण कोरून त्याखालचा जुना खडक तिने उघडा केलेला नाही. सातपुड्यापलीकडे नर्मदेने आणि तिच्या उपनद्यांनी मात्र तसे केले आहे, आणि म्हणून लाव्हा वाहण्यापूर्वी तेथे काय होते हे तिथल्या नाल्यांच्या कडांना आजही वाचता येते. क्रिटेशस कालखंडाच्या मध्याला, म्हणजे सुमारे दहा ते साडेआठ कोटी वर्षांपूर्वी, पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा आजच्या नर्मदा खोऱ्यात शिरला होता. त्याच्या तळाशी साचलेले वालुकाश्म आणि चुनखडक म्हणजेच बाग स्तर होत. तळाशी निमाड वालुकाश्म, त्यावर गाठाळ चुनखडक आणि त्याच्याही वर ‘कोरलाइन’ म्हणजे प्रवाळी चुनखडक, अशी त्यांची ढोबळ मांडणी आहे. यांतील तिसरे नाव चुकीच्या समजुतीतून पडले. या खडकात फांद्यांच्या तुकड्यांसारखे जे खच्चून भरलेले दिसते ते प्रवाळ नसून ब्रायोझोआ नावाचे प्राणी आहेत, हे नंतर स्पष्ट झाले, तरी पडलेले नाव राहिले.

या खडकांचा अभ्यास विज्ञानवर्धिनीच्या स्थापनेच्या सुमारे नव्वद वर्षे आधीपासून चालू होता, परंतु तो कोणी आणि कोठे केला याकडे लक्ष दिले असता संस्थेच्या स्थापनेमागची गरज आपोआप उलगडते. कीटिंग या ब्रिटिश अधिकाऱ्याने बाग परिसरात गोळा केलेल्या जीवाश्मांची माहिती १८५६ च्या सुमारास मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आली. तेथील समुद्र-सालींचे, म्हणजे काटेरी कवचाच्या गोलसर समुद्रप्राण्यांचे वर्णन डंकन यांनी १८६५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि अरबस्तानच्या किनाऱ्यावरील जीवाश्मांशी त्यांची तुलना केली. पाठोपाठ १८६९ मध्ये डब्ल्यू. टी. ब्लँफर्ड यांचा तापी आणि खालच्या नर्मदा खोऱ्याच्या भूरचनेवरील ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने प्रसिद्ध केला. खानदेशाच्या भूमीचे पहिले विस्तृत शास्त्रीय वर्णन म्हणून तो ग्रंथ या भागातील प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असायला हवा. मात्र खडक इथला, तो फोडणारे हात इथले आणि नमुन्यांची पारख व नामकरण लंडनला किंवा कलकत्त्याला, हा क्रम त्या सबंध शतकात बदलला नाही.

ज्यांच्या नावाने आज संस्था ओळखली जाते त्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या तरुणपणीच्या शोधाचीही अशीच वाट ठरली. १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे जन्मलेले आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात काम करीत असताना सह्याद्रीत प्राणी आणि वनस्पती गोळा करीत हिंडत. साताऱ्याकडील नद्यांच्या डोहांत त्यांना एक छोटी, पारदर्शक, छत्रीच्या आकाराची जेलीफिश आढळली. जेलीफिश हा मुख्यतः समुद्रातला प्राणी, आणि गोड्या पाण्यात राहणाऱ्या ज्या प्रजातीची ही जेलीफिश होती ती तोवर केवळ आफ्रिकेतून ज्ञात होती. साहजिकच १९११ साली ही वार्ता ‘नेचर’ या नियतकालिकात पोहोचली आणि प्राणिशास्त्रज्ञांत तिची चर्चा झाली. तिचे रीतसर वर्णन कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील नेल्सन ॲनंडेल यांनी केले आणि १९१२ मध्ये ‘लिम्नोक्निडा इंडिका’ हे नाव दिले. आघारकरांनी त्याच वर्षी ग्रेव्हली यांच्यासोबत तिच्या सवयी आणि प्रसार यांवर निबंध लिहिला, पण जातीच्या नावापुढे वर्णनकर्ता म्हणून नाव लागते ते ॲनंडेल यांचेच. यात कोणाचा अन्याय शोधण्याचे कारण नाही. तुलनेसाठी लागणारे जगभरचे नमुने, शंभर-शंभर वर्षांची नियतकालिके आणि नमुना कायमचा जतन करण्याची सोय त्या काळी कलकत्त्याला होती, मुंबई-पुण्याला नव्हती.

आघारकर पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेले असता पहिल्या महायुद्धामुळे तेथे अडकून पडले, बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन परतले आणि निवृत्त होईपर्यंत कलकत्त्यातच राहिले. महेंद्रलाल सरकारांनी १८७६ मध्ये त्या शहरात स्थापन केलेली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था, जिच्या प्रयोगशाळेत सी. व्ही. रामन यांचे जगद्विख्यात संशोधन झाले, त्यांच्या डोळ्यांसमोर होती. निवृत्तीनंतर १९४६ मध्ये त्यांनी समविचारी शास्त्रज्ञांसह पुण्यात उभ्या केलेल्या संस्थेच्या नावात त्याच संस्थेचा प्रतिध्वनी आहे. स्थापनेपासून २ सप्टेंबर १९६० रोजी निधन होईपर्यंत तेच संस्थेचे संचालक होते. पुढे केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अनुदानावर चालणारी स्वायत्त संस्था म्हणून ती स्थिरावली आणि १९९२ मध्ये तिला आघारकरांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्रातील शिक्षणसंस्थांच्या इतिहासात विज्ञानवर्धिनीच्या स्थापनेचा काळ मोठ्या उभारणीचा होता, अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय ही दोन्ही १९४५ ची आहेत. विशेष म्हणजे १९९० मध्ये जळगावला स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत खानदेशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी जोडलेली होती आणि विज्ञानवर्धिनी हे त्याच विद्यापीठाचे मान्यताप्राप्त संशोधन केंद्र होते, त्यामुळे खानदेशातील विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती आपल्याच विद्यापीठाच्या परिघातील संस्था होती.

बाग स्तरांतील ज्या प्राण्यांमुळे संस्थेच्या पुराजीवविज्ञान शाखेला, म्हणजे जीवाश्मांवरून गतकाळच्या सजीवांचा अभ्यास करणाऱ्या शाखेला, जगभर ओळख मिळाली त्या ब्रायोझोआंचा परिचय येथे थोडा सविस्तर देणे आवश्यक आहे. ब्रायोझोआ हे निवह करून, म्हणजे वसाहतीने राहणारे प्राणी असून निवहातील प्रत्येक घटकाला जीवक म्हणतात. एक जीवक साधारणतः एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतो, स्वतःभोवती चुन्याची खोली बांधतो, आणि खोलीच्या तोंडातून सूक्ष्म संस्पर्शकांचा मुकुट बाहेर काढून पाण्यातील अन्नकण गोळा करतो. पहिला जीवक डिंभापासून, म्हणजे पोहणाऱ्या पिल्लापासून तयार होतो आणि बाकीचे शेकडो-हजारो जीवक त्याला कळ्या फुटत जाऊन वाढतात. निवह कधी दगडावर पापुद्र्यासारखा पसरतो, कधी झुडपासारखा फांद्या फोडतो. जीवक मेल्यावर चुन्याचे घर मागे उरते, म्हणूनच हे प्राणी जीवाश्मरूपात विपुल सापडतात. आज समुद्रात राहणाऱ्या त्यांच्या सहा हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि जीवाश्म जातींची संख्या त्याहून पुष्कळच मोठी आहे.

जीवाश्म अभ्यासणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचे दोन गट महत्त्वाचे ठरतात. सायक्लोस्टोम गटातील जीवक नळीसारखे असतात, नळीचे तोंड गोल आणि उघडे असते, आणि त्याला झाकण नसते. कायलोस्टोम गटातील जीवक बहुधा चपट्या पेटीसारखे असतात, त्यांच्या तोंडाला उघडझाप करणारे झाकण असते, आणि पेटीची वरची बाजू निदान काही भागात लवचिक पापुद्र्याची असते. सायक्लोस्टोम अतिप्राचीन आहेत, तर कायलोस्टोम ज्युरासिक कालखंडाच्या उत्तरार्धात उगवले आणि क्रिटेशसच्या मध्यापासून झपाट्याने फोफावले. नर्मदेचा समुद्र नेमका याच वळणाच्या वेळचा असल्यामुळे त्या खडकातील ब्रायोझोआ कोणत्या गटाचे हा प्रश्न एका जिल्ह्यापुरता राहत नाही.

नव्या जातीचे वर्णन करणे हे काम बाहेरून पाहणाऱ्यास नाव देण्याएवढे सोपे वाटते, परंतु त्यातील बराचसा वेळ नाव देण्यापूर्वीच जातो. पावसाळा सरून नाले कोरडे पडल्यावर खडक गोळा करायचे आणि प्रत्येक तुकड्यावर गावाचे नाव, थर व क्रमांक नोंदवायचा, कारण थर न नोंदलेला जीवाश्म अभ्यासाच्या दृष्टीने जवळपास निरुपयोगी असतो. चुनखडक कठीण असल्याने त्यातून ब्रायोझोआची फांदी सुटी काढता येईलच असे नाही, आणि म्हणून तुकड्याचा पातळ छेद घ्यावा लागतो. तुकडा कापून त्याची एक बाजू कार्बोरंडमच्या भुकटीने काचेवर घासून गुळगुळीत करतात, ती कॅनडा बाल्समने काचपट्टीवर चिकटवतात आणि दुसऱ्या बाजूने घासत घासत खडक सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीचा, प्रकाश आरपार जाईल इतका पातळ उरेपर्यंत नेतात. फांदीला समांतर, आडवा आणि पृष्ठभागाला स्पर्श करणारा असे निरनिराळ्या दिशांचे छेद मिळाल्याशिवाय नळ्या कोठून फुटतात, वळतात कशा आणि त्यांच्या भिंती किती जाड आहेत हे समजत नाही. शिवाय घासण्यात थोडा हात जड पडला तर तो नमुना कायमचा जातो. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली तोंडांचे व्यास आणि त्यांच्यामधील अंतरे मोजणे, आकृत्या काढणे आणि जगात कोठेही याआधी वर्णन झालेल्या प्रत्येक जवळच्या जातीशी तुलना करणे हे काम महिनोन् महिने चालते.

प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे प्राण्याच्या नावात दोन पदे असतात, पहिले प्रजातीचे म्हणजे जवळच्या जातींच्या समूहाचे आणि दुसरे जातीचे. ज्या नमुन्यावर नव्या जातीचे नाव आधारलेले असते त्याला प्ररूप नमुना म्हणतात आणि तो कोठे ठेवला आहे हे वर्णनात सांगण्याचा शास्त्रज्ञांत दंडक आहे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जपलेल्या मूळ कागदांचे इतिहासलेखनात जे स्थान, तेच जातिवर्णनात प्ररूप नमुन्याचे असते, कारण छापलेल्या वर्णनाविषयी शंका आली की शेवटी त्या मुळापाशीच यावे लागते. आघारकर संस्थेच्या जीवाश्मसंग्रहात नमुन्यांना संस्थेच्या आद्याक्षरांसह दिलेले क्रमांक शोधनिबंधांतून उद्धृत होत आले आहेत. हा संग्रह सांभाळणे हे संस्थेचे सर्वांत कमी दिसणारे आणि सर्वांत टिकाऊ कार्य आहे, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

बागच्या ब्रायोझोआंचे पहिले पद्धतशीर वर्णन जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी केले. १९३० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागात काम करीत असताना त्यांनी बाग स्तरांतील जीवाश्म गटागटाने हाती घेतले आणि समुद्र-साली, शिंपले, ब्रायोझोआ व अमोनाइट, म्हणजे चक्राकार कवचाचे लुप्त प्राणी, अशा एकेका गटावर निबंध लिहिले. ब्रायोझोआंवरील त्यांचा निबंध १९३९ मध्ये ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस’ मध्ये छापला गेला. बंगळूरची ही अकादमी रामन यांनी १९३४ मध्ये स्थापन केली होती, म्हणजेच नर्मदेच्या खडकातील प्राण्याचे वर्णन भारतीयाने भारतात करून भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केले होते, आणि डंकन यांच्या निबंधापासून येथवर यायला सुमारे पाऊणशे वर्षे लागली होती. त्या निबंधातील ‘डायमॉर्फोपोरा’ ही जाती पुढे अनपेक्षित महत्त्वाची ठरली. लांब नळ्यांचे जीवक आणि फांद्या फोडणारा निवह पाहता तिला सायक्लोस्टोमांच्या पंक्तीत बसवले गेले, आणि त्या काळच्या साधनांनी जे दिसत होते त्यावरून हा निर्णय स्वाभाविक होता.

चिपळूणकर पुढे विज्ञानवर्धिनीत आले आणि त्यांच्यासोबत बाग स्तरांचा अभ्यास पुण्यात रुजला. एकट्या अभ्यासकाचे काम परंपरेत कसे रूपांतरित होते याचे १९७० चे दशक हे या संस्थेतील उत्तम उदाहरण आहे. एम. ए. घारे यांच्यासह त्यांनी बाग स्तरांतील मागखुणांचा, म्हणजे प्राण्यांनी तळाच्या चिखलात सोडलेल्या बिळांचा आणि वाटांचा, अभ्यास केला. पी. एम. तपस्वी यांच्यासह दक्षिणेतील तिरुचिरापल्ली भागातील क्रिटेशस शिंपल्यांचे वर्णन केले. आर. एम. बडवे आणि घारे यांच्यासह बागच्या थरांची फेरमांडणी केली. संस्थेने ‘बायोविज्ञानम्’ हे स्वतःचे नियतकालिक सुरू केले होते आणि बाग स्तरांतील प्राणिसृष्टी, तिचे वय व तिचे अन्यत्रच्या प्राण्यांशी असलेले नाते यांचा या तिघांनी घेतलेला आढावा १९७७ मध्ये त्यातच आला. नमुने, ते वाचणारी माणसे आणि छापण्याची जागा या तिन्ही गोष्टी आता एकाच आवारात होत्या, आणि सह्याद्रीतल्या जेलीफिशच्या वेळी पश्चिम भारतात नेमके हेच नव्हते.

डायमॉर्फोपोरा या जातीची फेरतपासणी बडवे यांनी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील ब्रायोझोआतज्ज्ञ पॉल टेलर यांच्यासह केली आणि तिचे निष्कर्ष १९९५ मध्ये ‘पॅलिऑन्टॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बाह्यतः सर्वस्वी सायक्लोस्टोमासारखा दिसणारा हा प्राणी प्रत्यक्षात कायलोस्टोम आहे, त्याचे जीवक लांबून नळीसारखे झालेले आहेत, एवढेच, असे या दोघांनी दाखवून दिले. दोन वेगळ्या वंशांतील प्राणी सारख्या गरजांमुळे सारखे दिसू लागणे याला अभिसारी क्रमविकास म्हणतात, आणि त्यातून येणाऱ्या अशा जवळजवळ फसव्या साम्याला समरूपता म्हणतात. कायलोस्टोम नुकतेच फोफावू लागलेल्या काळात त्यांच्यातील एका वंशाने जुन्या गटाची घडण इतक्या हुबेहूब स्वीकारावी, हा शोध ब्रायोझोआंच्या क्रमविकासाच्या अभ्यासात मोलाचा ठरला. या प्राण्यासाठी टेलर आणि बडवे यांनी नवी प्रजाती स्थापन केली, तिला चिपळूणकरांच्या सन्मानार्थ ‘चिपळूणकरीना’ असे नाव दिले, आणि तिचीच आणखी एक जाती फ्रान्सच्या क्रिटेशस खडकांतून वर्णिली. बागच्या नाल्यातला हा प्राणी एकाकी नव्हता, त्याचे सख्खे भाऊबंद युरोपच्या समुद्रातही होते, हे त्यातून सिद्ध झाले.

आज शास्त्रीय ग्रंथांत या जातीचे नाव ‘चिपळूणकरीना डायमॉर्फोपोरा’ असे लिहून पुढे कंसात ‘चिपळूणकर, १९३९’ असे नोंदवतात. जातीचे प्रथम वर्णन करणाऱ्याचे नाव कंसात असेल, तर ती जाती त्यानंतर दुसऱ्या प्रजातीत हलवली गेली आहे असा त्याचा नामकरणसंहितेनुसार अर्थ होतो. गट चुकला म्हणून चिपळूणकरांचा हक्क गेला नाही, जाती त्यांचीच राहिली, आणि ती चूक दुरुस्त करणाऱ्या दोघांपैकी एक त्यांच्याच संस्थेतला होता. छप्पन्न वर्षांच्या अंतराने झालेली ही दुरुस्ती संस्थेच्या इतिहासात नव्या जातीच्या शोधाइतक्याच मानाने नोंदली जावी, कारण ती शक्य व्हायला बागच्या खडकांचा विषय एका पिढीनंतर दुसऱ्या पिढीने न सोडता धरून ठेवावा लागला होता.

बडवे यांनी ब्रायोझोआंचा अभ्यास बागपुरता मर्यादित ठेवला नाही. एम. ए. सोनार यांच्यासह त्यांनी महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील होलोसीन निक्षेपांतील, म्हणजे गेल्या सुमारे बारा हजार वर्षांत साचलेल्या थरांतील, ब्रायोझोआंचे वर्णन १९९५ मध्येच प्रसिद्ध केले. क्रिटेशस समुद्रातील प्राणी आणि अगदी अलीकडच्या अरबी समुद्रातील प्राणी यांचा अभ्यास एकाच प्रयोगशाळेतून होऊ लागला, ही गोष्ट महत्त्वाची होती. व्ही. डी. बोरकर आणि इतर सहकाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यावरील तृतीयक कालखंडातील शंखांचा अभ्यास चालू ठेवल्याने पश्चिम भारताच्या सागरी जीवाश्मांचा एक सलग संदर्भसंग्रह पुण्यात तयार होत गेला.

धार जिल्ह्यातील डायनोसॉरच्या अंड्यांना अलीकडे मोठी प्रसिद्धी मिळाली आहे आणि त्या निमित्ताने बाग-कुक्षीकडे जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे, ही समाधानाची बाब आहे. त्याच वाटेवरचा प्रवाळी चुनखडक मात्र अजून फारसे कोणी थांबून पाहत नाही. जळगाव आणि धुळ्याच्या महाविद्यालयांतील भूविज्ञान व प्राणिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना सातपुड्यापलीकडचे हे स्तर पुण्यातील विद्यार्थ्यांपेक्षा कितीतरी जवळ आहेत, आणि तेथे उचललेला तुकडा कोणत्या जातीचा हे ताडून पाहण्यासाठी नावनिशीवार मांडलेला संग्रह आघारकर संस्थेत आहे.